जून महिना आणि घरातले सगळे: शाळा, दाखले, निकाल, पंचाहत्तरी एकत्र आले की आम्ही काय करतो

आमच्या घरी जून म्हणजे सगळं एकदम. धाकटा पहिलीत, मोठीचा दहावीचा निकाल लागून अकरावीची धावपळ, सासऱ्यांची पंचाहत्तरी, त्यात वटपौर्णिमा, पाऊस सुरू झालेला आणि ऑफिसला सुट्टी कुणालाच नाही. आजूबाजूला विचारलं तर थोड्याफार फरकाने प्रत्येक घरात हेच असतं, कुणाकडे पहिलीऐवजी पाचवी, कुणाकडे पंचाहत्तरीऐवजी बारसं. म्हणून जरा सविस्तर लिहितेय, ज्यांच्याकडे दोन मुलं दोन वेगवेगळ्या टप्प्यांवर आहेत किंवा ज्यांचं लेकरू यंदा पहिल्यांदा मोठ्या शाळेत जातंय त्यांना नक्की उपयोग होईल. माझं म्हणणं एवढंच आहे की कागदांची आणि खरेदीची कामं मे महिन्यातच उरकून टाकायची, म्हणजे जूनमध्ये माणसांसाठी वेळ उरतो, आणि मग प्रत्येकाचा टप्पा त्याचा त्याला मिळतो, दुसऱ्याच्या गडबडीत झाकला जात नाही. घरात दोन मुलं असली की हे फार होतं हो, मोठीच्या ॲडमिशनच्या नादात धाकट्याचा पहिला दिवस नुसता उरकला जातो, आणि आजोबांचा वाढदिवस तर "नंतर बघू" मध्ये जातो. ते होऊ द्यायचं नाही.

आधी कॅलेंडर

भिंतीवरचं कालनिर्णय घ्या, मोबाईलमधलं नको. मोबाईलमधलं ज्याचं त्यालाच दिसतं, भिंतीवरचं आजीपासून पहिलीतल्या पोरापर्यंत सगळ्यांना दिसतं. मे, जून, जुलै ही तीन पानं एका रविवारी समोर ठेवून सगळ्यांनी बसायचं आणि प्रत्येकाला एकेक रंगाचं पेन द्यायचं. शाळा सुरू होण्याची तारीख, पालकसभा, फीची तारीख, ऑफिसची महिनाअखेर, आजोबांची डॉक्टरची अपॉइंटमेंट, लग्नकार्यं, सगळं. आपल्याकडे राज्य मंडळाच्या शाळा साधारण 15 जूनच्या आसपास उघडतात, विदर्भात उन्हामुळे जूनच्या शेवटच्या आठवड्यात, आणि सीबीएसई वाल्यांचं वर्ष तर एप्रिलमध्येच सुरू होऊन मग मेमध्ये सुट्टी लागते. एकाच घरात एक मूल स्टेट बोर्डला आणि एक सीबीएसईला असेल तर हे आत्ताच लिहा, नाहीतर गावाला जायची तिकिटं काढताना गोंधळ होतो.

पुण्यात राहणाऱ्यांनी पालख्यांची तारीख पण लिहावी. 2025 ला ज्ञानोबा-तुकोबांच्या पालख्या 20 जूनला पुण्यात आल्या, म्हणजे शाळा सुरू होऊन जेमतेम आठवडा. त्या दिवसांत रस्ते बंद असतात, मुक्कामाच्या भागातल्या बऱ्याच शाळांना सुट्टी असते, रिक्षावाले काका वेगळ्या रस्त्याने येतात आणि उशीर होतो. 2026 ला अधिक ज्येष्ठ आलाय, त्यामुळे आषाढी एकादशी 25 जुलैला आहे आणि पालख्या पण पुढे गेल्या. दरवर्षी तारीख हलते म्हणूनच बघून लिहायची. आणि मुलांना दर्शनाला न्यायचं असेल तर ते पण आधीच ठरवा, सकाळी लवकर, कारण गर्दीत दप्तर घेऊन उभं राहणं लहान मुलांना झेपत नाही.

दाखले आणि कागदपत्रं, यावर जास्त लिहितेय कारण सगळा जीव इथेच जातो

निकाल लागला की दुसऱ्या दिवशी सेतूत आणि महा ई-सेवा केंद्रात, म्हणजे सरकारी दाखले काढून मिळतात तिथे, रांग लागते. सर्व्हर हळू चालतो, तहसीलदारांच्या सहीला वेळ लागतो, आणि तेव्हा आपली चिडचिड मुलांवर निघते. म्हणून एप्रिल उजाडला की लगेच अर्ज टाका. एप्रिल का, तर उत्पन्नाचा दाखला 31 मार्चपर्यंतच चालतो, मार्चमध्ये काढलेला जूनमध्ये उपयोगाचा नाही. आपले सरकार पोर्टलवर स्वतः लॉगिन करून घरबसल्या अर्ज करता येतो, नोकरीवाल्यांनी फॉर्म 16 किंवा पगाराचा दाखला जोडायचा, शेती किंवा छोटा धंदा असेल तर तलाठ्याकडून उत्पन्नाचा अहवाल घ्यावा लागतो. दहावी झालेल्या मुलाचा डोमिसाईल आणि आरक्षणातून अर्ज करायचा असेल तर जातीचा दाखला, आणि ज्या प्रवर्गांना लागतं त्यांना नॉन क्रिमीलेयर (उत्पन्न ठरलेल्या मर्यादेच्या आत असल्याचा दाखला), हे एकाच फेरीत करून टाका. ज्यांची मुलं सायन्सला जाणार आणि पुढे इंजिनिअरिंग मेडिकलचा विचार आहे त्यांनी जात पडताळणीचा अर्ज अकरावी-बारावीत असतानाच कॉलेजमार्फत द्यावा, सीईटीसारख्या प्रवेश परीक्षांनंतर पळापळ करू नये.

आधार कार्डाचं बऱ्याच जणांना माहीत नसतं. पाच वर्षांच्या आतल्या मुलांचं जे निळं बाल आधार असतं त्यात बोटांचे ठसे नसतात, त्यामुळे पाच पूर्ण झाली की ठसे आणि डोळ्यांचं स्कॅन देऊन अपडेट करावं लागतं, आणि परत पंधरा पूर्ण झाली की एकदा. पाच ते सात आणि पंधरा ते सतरा या वयात हे फुकट होतं. आता बघा, पहिलीतलं मूल आणि दहावी झालेलं मूल, दोघांचं हे काम नेमकं एकाच वेळी निघतं, तर एकाच दिवशी दोघांना घेऊन जा. पोस्टात पण होतं, फक्त आधी विचारून जा की तिथलं मशीन चालू आहे का.

नावाचं स्पेलिंग. हे मी अगदी हात जोडून सांगते. जन्माचा दाखला, आधार, शाळेचं जनरल रजिस्टर, या तीन ठिकाणी मुलाचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव आणि जन्मतारीख अक्षर न् अक्षर सारखी आहे का ते बघा. पहिलीत प्रवेश घेतानाच एकदा आणि नववीत परत एकदा, कारण दहावीच्या बोर्डाच्या फॉर्मवर जे जातं तेच मार्कशीटवर छापून येतं आणि तेच आयुष्यभर पासपोर्टपर्यंत जातं. मूल शाळेत असताना मुख्याध्यापकांकडे अर्ज देऊन दुरुस्ती होते, शाळा सोडल्यावर फार अवघड जातं. शाळेत जाऊन रजिस्टरची नोंद दाखवा म्हणायला लाजू नका, तो तुमचा हक्क आहे, आणि चांगल्या शाळा स्वतःहून दाखवतात.

सगळ्याची एक फाईल करा, प्रत्येक मुलाची वेगळी. ओरिजिनल प्लास्टिकच्या खिशात, मागे प्रत्येकी पाच-सहा झेरॉक्स, पासपोर्ट फोटो एका पाकिटात. शाळा सोडल्याचा दाखला एकदा दिला की परत हातात येत नाही, म्हणून देण्याआधी स्कॅन आणि झेरॉक्स केल्याशिवाय घराबाहेर न्यायचाच नाही. स्कॅन करताना पीडीएफला नाव नीट द्या, मुलाचं नाव आणि कागदाचं नाव, नाहीतर फॉर्म भरताना शंभर फायलींतून शोधत बसावं लागतं. दहावी-बारावीची मार्कशीट डिजीलॉकरवर मिळते, मुलाच्याच मोबाईल नंबरवरून खातं काढून ठेवा.

अकरावी प्रवेश

हे ज्यांच्याकडे नाही त्यांनी पुढे जा. 2025 पासून अख्ख्या राज्यात अकरावीचे प्रवेश ऑनलाईन झालेत, त्याआधी मुंबई महानगर, पुणे-पिंपरी चिंचवड, नाशिक, नागपूर आणि अमरावती एवढ्याच ठिकाणी होते. त्यामुळे तालुक्याच्या गावातल्या पालकांना हे नवीन आहे आणि शहरातल्या नातेवाइकांनी त्यांना फोनवर बसून मदत करावी असं मला मनापासून वाटतं.

फॉर्मचे दोन भाग असतात, पहिल्यात वैयक्तिक माहिती आणि दुसऱ्यात कॉलेजांचे पसंतीक्रम. 2025 ला दहापर्यंत कॉलेजं भरता येत होती. पहिल्या पसंतीचं कॉलेज लागलं की तिथे प्रवेश घ्यावाच लागतो, नाही घेतला तर पुढच्या नियमित फेऱ्यांतून बाहेर. म्हणजे पहिल्या नंबरवर नुसतं नाव मोठं आहे म्हणून कॉलेज टाकायचं नाही, तिथे रोज जायला किती वेळ लागेल ते आधी बघायचं. आम्ही काय केलं, लेकीला घेऊन तीन-चार कॉलेजांपर्यंत प्रत्यक्ष बसने गेलो, सकाळच्या वेळेला, गाडीने नाही. बस किती वेळाने येते, उतरल्यावर किती चालायचं, पाऊस असेल तर काय, कॅन्टीन आहे का, मुलींना परत यायला रस्ता बरा आहे का. दोन कॉलेजं तिने स्वतःच खाली ढकलली. मागच्या वर्षीचे कटऑफ वेबसाईटवर असतात, ते शेजारी लिहून काही तिच्या मार्कांच्या वरची, बरीचशी आसपासची आणि दोन-तीन खालची अशी यादी केली. इनहाऊस (त्याच संस्थेच्या शाळेतल्या मुलांसाठी), मॅनेजमेंट, मायनॉरिटी कोटा वेगळा असतो, त्याची चौकशी त्या त्या कॉलेजात.

एक गोष्ट मात्र पाळा, लॉगिन आणि पासवर्ड घरातल्या दोन माणसांकडे असू द्या. एजंट किंवा कॅफेवाल्याच्या मोबाईल नंबरवर फॉर्म भरायचा नाही, ओटीपी आपल्याच फोनवर आला पाहिजे.

पुस्तकं, कव्हर, गणवेश

सरकारी आणि अनुदानित शाळेत पहिली ते आठवी पाठ्यपुस्तकं फुकट मिळतात, शाळेतूनच, बहुतेक पहिल्याच दिवशी. बाकीच्यांनी बालभारतीची पुस्तकं घ्यायच्या आधी आवृत्ती विचारा. 2025-26 पासून पहिलीचा अभ्यासक्रम नवीन झालाय आणि पुढच्या इयत्तांचा पण टप्प्याटप्प्याने बदलतोय, त्यामुळे ताईचं पुस्तक दादाला, दादाचं बाळूला हे सरसकट चालणार नाही. शाळेत किंवा दुकानात विचारून मगच जुनी पुस्तकं घ्या. अकरावी-बारावीची रेफरन्सची पुस्तकं मात्र जुनी घेतली तरी हरकत नाही, पुण्यात अप्पा बळवंत चौकात निम्म्या किमतीच्या आसपास मिळून जातात आणि कुणीतरी पेन्सिलने केलेल्या खुणा उपयोगीच पडतात. पुस्तक मिळेपर्यंत बालभारतीच्या वेबसाईटवर पीडीएफ फुकट आहे.

कव्हर घालायचं काम आमच्याकडे आजोबांचं. खाकी कागदाचा रोल आणतो, कापलेले कागद नाही, कारण बालभारतीच्या पुस्तकांची साईज मोठी असते आणि तयार कागद अपुरे पडतात. पुस्तक मिटलेलं कागदावर ठेवून चारी बाजूंनी तीन बोटं जास्त सोडून कापायचं. मग पुस्तकाच्या पाठीच्या जागी, वर आणि खाली, दोन छोटे काप देऊन तेवढी पट्टी आत दुमडायची, ही पायरी सोडली की महिन्याभरात कव्हर तिथूनच फाटतं. कोपरे तिरके आत घालून मग कडा दुमडायच्या आणि अंगठ्याच्या नखाने घडी दाबायची. सेलोटेप कागदाला कागद चिकटवायला, पुस्तकाला अजिबात लावायची नाही, म्हणजे वर्षअखेरीला कव्हर काढून पुस्तक पुढच्या कुणाला चांगलं देता येतं. धाकटा टेपचे तुकडे कापून टेबलाच्या कडेला ओळीने लावून ठेवतो, आजोबा सुबक अक्षरात नाव, इयत्ता, तुकडी, विषय लिहितात. हजेरी क्रमांकाची जागा रिकामी सोडा, तो शाळेत गेल्यावर कळतो. एक दुपार लागते याला, घाईत करायचं काम नाही, आणि मुलांना नव्या पुस्तकाची पानं चाळायला, चित्रं बघायला तीच वेळ मिळते.

गणवेश दोन जोड तरी हवेतच, पावसात वाळत नाही. पँट-स्कर्टला खाली दुमड भरपूर ठेवून घ्या, दिवाळीपर्यंत उंची वाढतेच. बूट संध्याकाळी घ्यायला जा, दिवसभर चालून पाय जरा सुजलेले असतात, सकाळी घेतलेला बूट दुपारी चावतो. पुढे अंगठ्याएवढी जागा पाहिजे, मुलाला दुकानात चालायला लावा, बसून "बरोबर आहे" म्हणतात ते खरं नसतं. जुलै-ऑगस्टमध्ये सँडल चालतील का हे शाळेला विचारा, बऱ्याच शाळा चालवून घेतात. रेनकोट दप्तरासकट झाकेल असा, आणि आतल्या बाजूला पक्क्या मार्करने नाव आणि तुकडी लिहा. शंभर निळे रेनकोट एका व्हरांड्यात टांगलेले असतात, त्यात आपला शोधणं सहा वर्षांच्या मुलाला कसं जमणार.

दप्तराचं वजन मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांच्या वर नको हा सरकारचाच नियम आहे. वीस किलोचं मूल असेल तर दोन किलो. आता रिकाम्या फॅन्सी दप्तराचंच वजन पाऊण-एक किलो भरलं तर राहिलं काय, म्हणून घेताना हलकं घ्या, कार्टूनवर जाऊ नका. घरच्या वजनकाट्यावर आठवड्यातून एकदा ठेवून बघा. जड वह्या पाठीच्या बाजूला, दोन्ही पट्टे खांद्यावर. शाळेत पिण्याच्या पाण्याची चांगली सोय असेल तर बाटली अर्धीच भरा. आणि तरीही जड होत असेल तर वर्गशिक्षिकांशी शांतपणे बोला, वेळापत्रक बघून वह्या शाळेत ठेवायची परवानगी बऱ्याचदा मिळते.

डबा आणि झोप

डबा काय द्यायचा याची चर्चा सगळीकडे होते, डबा उघडता येतो का याची कुणी करत नाही. पहिलीतल्या मुलाच्या हातात नवीन डबा देऊन घरीच उघडायला सांगा. चार बाजूंनी क्लिप असलेले, रबर घट्ट बसलेले डबे लहान बोटांना उघडत नाहीत, मूल बाईंना सांगायला लाजतं आणि डबा तसाच परत येतो, आपल्याला वाटतं खात नाही. शाळा सुरू व्हायच्या आधी आठवडाभर दुपारचं जेवण त्याच डब्यात द्या, तिथे बसवून, बाटली उघडण्यापासून डबा बंद करून पिशवीत ठेवेपर्यंत सगळं त्याचं त्याने करायचं. किती मिनिटं लागतात ते बघा, छोटी सुट्टी फार छोटी असते. पोळी-भाजी द्यायची असेल तर पोळीचे तुकडे करून किंवा रोल करून, भाजी कोरडी. तूप-गूळ-पोळीचा रोल, धपाटे, मेथीची थालीपीठं, दशमी, शेंगदाण्याच्या चटणीची घडी, मोड आलेल्या मटकीची कोरडी उसळ, हे सगळं गार झालं तरी चांगलं लागतं. आठवड्याचं वेळापत्रक फ्रीजवर लावलं की रात्री अकरा वाजता "उद्या काय" हा प्रश्न संपतो, आणि आजी की बाबा की मी, कुणाची पाळी ते पण त्यावरच लिहिलेलं असतं. आमच्याकडे मंगळवार-शुक्रवार डबा बाबांकडे आहे आणि मुलं त्या दिवसांची वाट बघतात, कारण ते थालीपीठ फार छान थापतात.

झोपेचं मे अखेरपासूनच बघा. सहा ते बारा वयाच्या मुलांना नऊ ते बारा तास झोप लागते, आणि सुट्टीत सगळी मुलं बारा वाजता झोपलेली असतात. एकदम दहावर आणायला गेलात तर रडारड होते. दर दोन दिवसांनी पंधरा मिनिटं अलीकडे, आणि झोपायची वेळ अलीकडे आणायची तर आधी उठायची वेळ अलीकडे आणावी लागते. राज्य सरकारने फेब्रुवारी 2024 मध्ये आदेश काढून चौथीपर्यंतचे वर्ग नऊच्या आधी भरवू नका असं सांगितलंय, तरी स्कूल बसच्या वेळा आणि दोन सत्रांमुळे सगळीकडे ते झालेलं नाही. तुमच्या शाळेची वेळ काय ते मेमध्येच विचारून घ्या.

रिक्षा-व्हॅनबद्दल थोडक्यात, पण महत्त्वाचं. पिवळी नंबर प्लेट असलेलीच व्हॅन लावा, पांढरी प्लेट म्हणजे खासगी गाडी, तिला मुलं न्यायची परवानगी नसते. काकांचा नंबर घरातल्या सगळ्यांकडे हवा आणि काका आले नाहीत तर मूल कुठे थांबणार आणि कोण आणणार हे मुलाला तोंडपाठ पाहिजे. आपला मोबाईल नंबर तर पाठ पाहिजेच, गाण्यासारखा चाल लावून शिकवला की चार दिवसांत येतो.

आता खरी गोष्ट, प्रत्येकाचा दिवस

हे सगळं मेमध्ये झालं की जूनमध्ये मोकळं होतं घर, आणि मग कॅलेंडरवर प्रत्येकाच्या नावाने एक एक संध्याकाळ राखून ठेवता येते. राखून म्हणजे राखूनच, त्या संध्याकाळी दुसऱ्या कुणाचा फॉर्म, फी, डबा यावर बोलायचं नाही.

पहिलीच्या मुलाचा पहिला दिवस. सकाळी घाई होणार नाही एवढ्या लवकर उठा. आजीने औक्षण करावं, निरांजन, कुंकू, अक्षता, हातावर साखर, देवाला आणि मोठ्यांना नमस्कार, झालं. पाच मिनिटांचा कार्यक्रम पण मुलाला कळतं की आज आपलं काहीतरी आहे. बऱ्याच जिल्हा परिषद शाळांत प्रवेशोत्सव असतो, फुलं देतात, काही ठिकाणी बैलगाडीतून मिरवणूक काढतात, पालकांनी जरूर जावं, बाबांनी पण अर्धा दिवस रजा टाकावी. शाळेच्या दारात निरोप छोटा आणि स्पष्ट. गुपचूप सटकायचं नाही, मुलाचा विश्वास जातो. "एक वाजता येते" म्हणून त्याला काही कळत नाही, "डबा खाशील, मग बाई गोष्ट सांगतील, मग घंटा होईल आणि मी दारात असेन" असं सांगितलं की कळतं. आणि मग खरंच दारात असायला हवं, पाच मिनिटं आधीच. रडलं तर रडू द्या, "एवढा मोठा झालास आणि रडतोस" हे वाक्य कुणी बोललं तर तिथेच थांबवा. घरी आल्यावर "काय शिकवलं" विचारू नका, "कुणाच्या शेजारी बसलास" विचारा, मग गाडी सुरू होते.

दहावीच्या निकालाचा दिवस त्याचा किंवा तिचाच. दुपारी एकला ऑनलाईन लागला की एक वाजून दहा मिनिटांनी फॅमिली ग्रुपवर मार्क टाकायचे नाहीत. मुलाला विचारा, टाकू का, की तू सांगणार. आमच्या लेकीने आजोबांना स्वतः जाऊन सांगितलं, बाकी मामा, आत्या, मावशी सगळ्यांना तिनेच फोन केले, आणि तो आनंद तिचा राहिला. शेजारच्या मुलाचे किती हा प्रश्न त्या दिवशी घरात येऊच द्यायचा नाही. आणि मार्क कमी पडले किंवा विषय राहिला तरी ती संध्याकाळ रद्द करायची नाही, उलट तेव्हा जास्त गरज असते. त्याच्या आवडीचं जेवण करा, सगळे एकत्र बसा. पुरवणी परीक्षा लगेच पावसाळ्यातच होते, दोन विषयांपर्यंत राहिले असतील तर एटीकेटीवर, म्हणजे राहिलेले विषय नंतर सोडवायच्या सवलतीवर, अकरावीला प्रवेश पण मिळतो, हे पालकांना माहीत असलं की घरातला आवाज चढत नाही. बोर्डाची समुपदेशनाची हेल्पलाईन असते निकालाच्या काळात, तिचा नंबर मंडळाच्या वेबसाईटवर बघून फ्रीजवर लावून ठेवा. मूल गप्प गप्प असेल, जेवत नसेल, तर वाट बघत बसू नका, त्याच्याजवळ राहा आणि कुणाशी तरी बोला.

आजोबांची पंचाहत्तरी. हॉल वगैरे नंतर, आधी त्यांना विचारा काय हवंय. बऱ्याच आजी-आजोबांना गर्दी नको असते, नातवंडं शेजारी बसलेली हवी असतात. आम्ही त्यांना त्यांच्या शाळेचं विचारलं आणि मोठीने ते मोबाईलवर रेकॉर्ड केलं. पाटी थुंकीने पुसली म्हणून छडी खाल्ली इथपासून ओढ्याला पूर आला की शाळेला आपोआप सुट्टी इथपर्यंत, धाकटा तोंडाचा आ करून ऐकत होता. ज्या आठवड्यात नातू पहिलीत जातो त्याच आठवड्यात आजोबा त्यांची पहिली सांगतात, यासाठी काही खर्च येत नाही, फक्त संध्याकाळ मोकळी लागते. औक्षण पंचाहत्तर दिव्यांनी करतात, दिवे मुलांना लावू द्या, मोठं माणूस शेजारी उभं ठेवून. मधुमेह असेल तर केकऐवजी त्यांना चालेल असं काहीतरी करा, सगळ्यांनी तेच खा.

दाराच्या चौकटीवर उंचीची खूण करायची असेल तर शाळेच्या पहिल्या दिवशीच करा, वाढदिवसाला नको, कारण मग सगळ्या मुलांची एकाच दिवशी होते आणि दरवर्षी ज्याची त्याची वाढ, एकमेकांशी तुलना न करता, बघता येते. भाड्याचं घर असेल तर लाकडी पट्टीवर करा, घर बदललं की पट्टी बरोबर नेता येते.

आणि आईबाबांचं पण काही असतं. कुणाचं प्रमोशन, कुणाचा लग्नाचा वाढदिवस, आजीने पासष्टीत स्मार्टफोनवरून पहिल्यांदा लाईट बिल भरलं, हे पण कॅलेंडरवर लिहा. मुलांना दिसलं पाहिजे की पुढच्या वर्गात जाणं फक्त त्यांचंच नसतं.

पहिले दोन आठवडे झाल्यावर

रविवारी अर्धा तास परत सगळे बसा. कोणता बूट चावतोय, कुणाचा डबा परत येतोय, व्हॅन किती उशिरा येते, अकरावीची पुढची फेरी कधी, आजोबांच्या गोळ्या संपल्यात का. वर्गाचा व्हॉट्सॲप ग्रुप दोघांपैकी एकानेच बघायचा, ज्याच्याकडे दिलाय त्याने संध्याकाळी एकदा वाचून कामाचं तेवढं फ्रीजवरच्या कागदावर लिहायचं, बाकी म्यूट. रात्री झोपायच्या आधी दप्तर, सॉक्स, रुमाल, ओळखपत्र, रेनकोट हे दाराजवळच्या एकाच खुर्चीवर, सकाळी शोधाशोध नाही. ओले बूट आले तर आत वर्तमानपत्राचे बोळे घालून पंख्याखाली ठेवा, दोन तासांनी बोळे बदला, सकाळपर्यंत बऱ्यापैकी कोरडे होतात. आणि त्याच बैठकीत कॅलेंडरच्या मागच्या पानावर पुढच्या वर्षासाठी लिहून टाका, कोणता दाखला कधी संपतो, कुणाची पंधरा वर्षं कधी पूर्ण होतात, गणवेश कोणत्या दुकानात चांगला शिवून मिळाला. डिसेंबरअखेर नवीन कॅलेंडर आलं की पहिलं काम म्हणजे त्या नोंदी त्यावर उतरवणं, आमच्याकडे ते आता मोठीने स्वतःकडे घेतलंय.